'हेमाडपंती' या पाटीआड

जालन्यात वाढलेल्या माणसाला जुने बांधकाम म्हटले की आधी मस्तगड आठवतो. शहराच्या पूर्व अंगाची चौकोनी गढी, कोपऱ्यांवरचे अर्धगोल बुरूज आणि आत सज्जे-दालने असलेली विहीर. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या काळात, १७२५ च्या सुमारास ही गढी उभी राहिली आणि तिच्या बांधणीचा काळ सांगणारा फारसी लेखही तिथे कोरला गेला. मस्तगडाला त्याचे वय विचारले, तर तो सांगतो. इथून उत्तरेची वाट धरून राजूरच्या गणपतीवरून भोकरदन गाठावे आणि अजिंठ्याच्या डोंगराकडे सरकत अन्व्याला जावे. तिथले देऊळ बाराव्या शतकातले, म्हणजे मस्तगडाहून पाच-साडेपाचशे वर्षांनी थोरले. गावातले लोक त्याला मढ म्हणतात. ते कधीचे, असे विचारले की उत्तर येते, "हेमाडपंती आहे." पुढचा प्रश्न विचारायची सोय त्या उत्तराने ठेवलेलीच नसते.

हे उत्तर एकट्या अन्व्याचे नाही. खानदेशात बलसाणे, नाशकाकडे सिन्नर आणि झोडगे, मराठवाड्यात औंढा, वऱ्हाडात लोणार आणि मेहकर, कुठेही जा, काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की पाटीवर हाच शब्द असतो. वऱ्हाडातली काही जैन मंदिरेही याच नावाखाली येतात. साताठशे वर्षे उभ्या असलेल्या शेकडो वास्तूंना एका शब्दात बसवले आणि आपण मोकळे झालो. मला हा शब्द आवडतो, त्यामागची लोकांची माया कळते. पण या शब्दामुळे आपण देवळांकडे बघणे सोडले आहे, असेही माझे ठाम मत आहे. हा शब्द आला कुठून, तो कुठवर खरा आहे आणि कुठे तो उतरवून ठेवावा, हे एकदा नीट पाहायला हवे.

हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हा ऐतिहासिक पुरुष, त्याबद्दल शंका नाही. देवगिरीच्या यादवांकडे, महादेव (१२६१-१२७१) आणि रामचंद्र म्हणजे आपला रामदेवराव (१२७१-१३११) या दोघांच्या दरबारी तो श्रीकरणाधिप होता. राज्याचे दफ्तर आणि हिशेब त्याच्या हाताखाली. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा प्रचंड ग्रंथ व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे यांविषयी आहे. त्यातल्या व्रतखंडाच्या आरंभी असलेली राजप्रशस्ती यादवांच्या वंशावळीसाठी अभ्यासकांना आजही उघडावी लागते. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात, म्हणजे १२७३ नंतरच्या देणग्यांच्या त्या यादीत, त्याचे नाव आहे. मोडी लिपी त्याने आणली, बाजरी त्याने आणली, पत्रांचे मायने त्याने ठरवले, अशी श्रेये परंपरेने त्याच्या पदरात टाकली. देवळे त्याच ओघात आली.

लोककथा तर त्याहून पुढची आहे. हेमाडपंत हा मोठा वैद्य. लंकेच्या बिभीषणाला त्याने बरे केले आणि बिदागी म्हणून राक्षस मागून आणले. त्या राक्षसांनी एकेका रात्रीत एकेक देऊळ उभे केले. कोंबडा आरवला, काम थांबले, म्हणून शिखर राहिले! शिखर नसलेल्या देवळापाशी ही गोष्ट हमखास ऐकायला मिळते. तीत कारागिरांच्या कामाचे कौतुक काठोकाठ भरलेले आहे. एवढाले दगड माणसांनी उचलले असतील यावर पुढच्या पिढ्यांचा विश्वास बसला नाही, इतके ते काम अफाट होते.

आता सनावळी शेजारी ठेवून पाहू. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला आहे. हेमाद्री दरबारात आला त्याच्या आधी दोनशे वर्षे हे देऊळ उभे होते. सिन्नरचे गोंदेश्वर साधारण बाराव्या शतकातले. खिद्रापूरच्या कोपेश्वराचे काम कोल्हापूरच्या शिलाहारांच्या आश्रयाने झाले, आणि तिथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला यादव सिंघणाचा लेख लागला तेव्हा हेमाद्रीचा काळ अजून पन्नास वर्षे दूर होता. होट्टलची देवळे कल्याणीच्या चालुक्यांची, तीही त्याच्या आधीची. ज्या देवळांवर आपण त्याचे नाव लिहितो त्यांतली बरीचशी तो जन्मण्यापूर्वीच पुरी झालेली होती. त्याच्या हयातीत आणि त्याच्या प्रोत्साहनाने काही कामे झालीही असतील. अर्धा महाराष्ट्र त्याच्या नावावर चढवायला मात्र तेवढे पुरत नाही.

मग हा शब्द टाकूनच द्यायचा का? मला तसे वाटत नाही. बोलण्यात 'हेमाडपंती' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे चुन्याविना रचलेल्या दगडाचे बांधकाम असते, आणि बांधायची ती एक रीत म्हणून शब्द पक्का बसतो. अन्व्याच्या जोत्यापाशी बसून दोन शिळांच्या सांध्यावर नख फिरवून पाहा. चुना नाही, माती नाही, काहीच भरलेले नाही. काही जागी दगड सरकलेत तिथे आतली करणी दिसते. एका शिळेला खाच आणि दुसरीला कूस काढून ती एकमेकींत बसवलेली असते. वरच्या दगडाचा भारच खालच्याला जागेवर धरतो. दगड जितका वजनदार तितका सांधा घट्ट, असा हा सगळा हिशेब आहे.

हा दगड काळा, कठीण आणि अवघड. सह्याद्रीपासून वऱ्हाडापर्यंत लाव्हाचे थरावर थर साचलेले आहेत. त्यांतले काही थर भरीव, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. कोरीव कामाला भरीव थर लागतो, म्हणून पाथरवटाचे पहिले कसब खाणीतच पणाला लागायचे. दगडावर ओळीने भोके पाडायची, पाचरी ठोकायच्या, दगड आपल्या रेषेत फुटेल असे पाहायचे. संगमरवर किंवा वाळूचा दगड छिन्नीपुढे नमतो, त्यात राजस्थानसारखी जाळीदार नाजूक कामे निघतात. आपल्या दगडाने ते होऊ दिले नाही. त्याने कारागिराला ठसठशीत, खोल सावली पाडणारे काम शिकवले. उन्हात या देवळांच्या भिंती इतक्या जिवंत दिसतात त्याचे श्रेय मी या हट्टी दगडालाच देतो.

दगडाची आणखी एक अट असते. लाकडाची तुळई ओझ्याखाली वाकते आणि तरीही टिकून राहते. दगडाची तुळई वाकत नाही, ती तडकते. त्यामुळे दोन खांबांतले अंतर फार ठेवता येत नाही. सभामंडपात शिरल्यावर खांबांची दाटी का वाटते, याचे उत्तर इतके साधे आहे. मोकळी जागा हवीच असेल तर चार खांबांवर चार तुळया टाकायच्या, त्या चौकोनाचे कोपरे तिरक्या शिळांनी कापून अष्टकोन करायचा, त्यावर पुन्हा थर थोडा आत सरकवत न्यायचा, आणि असे करत करत लहान होत गेलेले वर्तुळ मधल्या एका शिळेने मिटवायचे. हे झाले वितान. आपण त्याला सहज घुमट म्हणून जातो, पण कमानीचे तत्त्व यात नाही. प्रत्येक थर आडवाच आहे, फक्त खालच्यापेक्षा बोटभर पुढे आलेला. खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात तर अठ्ठेचाळीस खांबांच्या मधोमध हे वर्तुळ मिटवलेच नाही. आभाळ आत येऊ दिले. पौर्णिमेला चंद्र त्या वर्तुळात येतो तेव्हा माणसे खालच्या रंगशिळेवर उभी राहून बघतात.

बांधायची रीत एक असली, तरी देवळांची घडण एक नाही. 'हेमाडपंती' या शब्दाने सर्वांत जास्त नुकसान केले ते इथे. महाराष्ट्रात दोन मोठे प्रवाह येऊन मिळाले. उत्तरेकडून, माळव्याच्या परमारांच्या मुलखातून, भूमिज शिखर आले. मध्य प्रदेशातल्या उदयपूरचे उदयेश्वर मंदिर, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, हे त्याचे मोठे उदाहरण. भूमिज शिखर ओळखायला सोपे असते. चार दिशांना चार उभे पट्टे खालपासून वरपर्यंत जातात, त्यांना लता म्हणतात. दोन लतांमधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या प्रतिकृती, कूटे, उभ्या-आडव्या ओळींनी मांडलेल्या असतात. खालची मोठी, वर जाताना लहान लहान. माळेतले मणी ओवावे तशी ही रचना. आडव्या ओळीला भूमी म्हणायचे. किती भूमींचे शिखर, ते मोजायचे. सिन्नरचे गोंदेश्वर या घडणीचे आपल्याकडचे सर्वांत पूर्ण रूप आहे. ते पंचायतन आहे. मधे महादेव आणि चार कोपऱ्यांवर विष्णू, गणेश, पार्वती, सूर्य यांची देवळे, पाचही एकाच उंच जगतीवर. झोडग्याचे माणकेश्वर त्याच घराण्यातले, आकाराने लहान पण बांधेसूद. अंबरनाथचे शिखर वरून ढासळलेले आहे, तरीही उरलेल्या भागात लता आणि कूटे स्पष्ट मोजता येतात. तिथे गाभारा मंडपाच्या पातळीहून खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते, आणि त्या उतरण्यात एक वेगळीच शांतता आहे.

दुसरा प्रवाह दक्षिणेचा. कल्याणीच्या चालुक्यांचा अंमल मराठवाड्याच्या दक्षिण भागावर होता, म्हणून होट्टल, धारासूर, निलंगा इथल्या देवळांत कर्नाटकाशी नाते सांगणाऱ्या खुणा दिसतात. खांब चरकावर फिरवल्यासारखे गुळगुळीत, वलयांकित. भिंतींची मोडणी निराळी, नक्षीची भाषा निराळी. मराठवाडा हा या दोन प्रवाहांचा संगम आहे. जालना जिल्हा त्यातल्या उत्तरेकडच्या बाजूला पडतो, आणि अन्व्याचे देऊळ होट्टलपेक्षा सिन्नरला जवळचे वाटते ते म्हणूनच. दोन्हींना 'हेमाडपंती' म्हटले की हा सारा प्रवास पुसला जातो. कोणत्या वाटेने कारागीर आले, कोणत्या राजाची सत्ता कुठवर पोचली, हे दगडात लिहून ठेवलेले असताना आपण ते वाचत नाही.

देऊळ बांधायला पैसा कोण देत होते, याचे उत्तर राजा एवढेच नाही. सामंत, सेनापती, व्यापारी, राजस्त्रिया, सगळ्यांचे हात लागत. अंबाजोगाईचे लेख सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याची कर्तबगारी सांगतात. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा लेख मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा दरबारी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ निघाला आणि निकुंभ घराण्यातल्या स्थानिक राजांनी १२०७ च्या सुमारास त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि त्यात मठाला कोणी काय द्यायचे ती व्यवहाराची बोलणी आहेत. देवळाच्या आवारात गणित शिकवले जात होते आणि त्याचा खर्च बाजारपेठेवर बसवलेला होता! ही देवळे म्हणजे नुसती पूजेची ठिकाणे नव्हती, हे कोणाला पटवायचे असेल तर मी हा एक लेख पुढे करतो.

या देवळांचे त्या काळातले रोजचे जिणे कळायला मात्र शिलालेखांपेक्षा महानुभाव वाङ्मय कामी येते. चक्रधरस्वामी गावोगाव फिरत आणि उतरत ते बहुतेक देवळांतच. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त ही देवळे जागोजाग येतात. पुढे 'स्थानपोथी'त तर स्वामी कुठे बसले, कुठे निजले, त्या जागांची नोंद करताना देऊळ कोणत्या तोंडाचे, चौक कुठे, पटिशाळा कुठे, दार कोणीकडे हे सगळे टिपले गेले. स्वामींच्या स्मृतीसाठी केलेल्या या नोंदी आज वास्तूच्या अभ्यासकाला आराखड्यासारख्या उपयोगी पडतात. यातली कितीतरी देवळे आता जमिनीवर नाहीत, पोथीत आहेत. आणि हे दोन्ही ग्रंथ यादवकाळातले किंवा त्याला लागूनचे, म्हणजे देवळे नांदती असताना पाहिलेल्या, किंवा पाहणाऱ्यांकडून ऐकलेल्या माणसांनी लिहिलेले.

आधुनिक अभ्यासाला दीडशे वर्षांवर होऊन गेली. १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून माणसे अंबरनाथला गेली, चित्रे काढली, शिल्पांचे साचे घेतले. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा ग्रंथ १९३१ चा. त्यातले आराखडे आणि छायाचित्रे आजही आधाराला लागतात, कारण तेव्हा उभे असलेले काही आता उभे नाही. पुढे म. श्री. माटे, ओ. पी. वर्मा आणि गो. बं. देगलूरकर यांनी हा विषय आपल्या माणसांच्या नजरेने मांडला. वर्मांनी १९७३ च्या आपल्या पाहणीत 'हेमाडपंती' हेच नाव ठेवले. कृष्ण देव यांनी भूमिज मंदिरांची वेगळी मोट बांधली, आणि त्यानंतर निदान अभ्यासकांत तरी 'भूमिज' हा शब्द रुळला. देगलूरकरांचे ऋण मराठवाड्यावर विशेष आहे. त्यांनी इथली देवळे मोजली आणि इथल्या मूर्ती वाचायला शिकवले. दुर्दैवाने हे सगळे ग्रंथालयात राहिले. गावातल्या पाटीपर्यंत पोचला तो जुना शब्दच.

शब्द चुकला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते जीर्णोद्धाराच्या वेळी. मी एका गावात (नाव लिहीत नाही) गाभाऱ्याच्या दगडी द्वारशाखांवर तेलरंगाचे तीन हात बसलेले पाहिले. मंडपाच्या फरशीवर चकचकीत लाद्या बसवल्याने खांबांची तळखडी वीतभर गाडली गेली होती. गावकऱ्यांनी हे प्रेमाने केले, वर्गणी काढून केले, त्यांच्या भक्तीला मी नाव ठेवणार नाही. पण सिमेंटने सांधे भरले की पाणी आत कोंडते. बिनचुन्याच्या बांधकामाला सांध्यांतून श्वास असतो. तो बंद केला की ओल दगडाच्या पाठीमागे साचते आणि पापुद्रे सुटू लागतात. चुन्या-विटांचे शिखर चढवणे ही जुनी परंपरा आहे. औंढ्याच्या नागनाथाचा खालचा भाग तेराव्या शतकातल्या कोरीव कामाचा आणि वरचा भाग पुढच्या काळातला, चुन्याच्या गिलाव्याचा. नजर वर जाताच दोन काळ वेगळे दिसतात. तो जोड मला खटकत नाही. नंतरच्या लोकांनी खालचे काही झाकले नाही, तुटले तिथून पुढे आपल्या रीतीने बांधले. आजच्या जीर्णोद्धारात हे एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

कायदा आहे. १९५८ च्या केंद्राच्या कायद्याने संरक्षित स्मारकांना कवच दिले, २०१० च्या दुरुस्तीने भोवतीच्या शंभर मीटरांत बांधकामाला मनाई केली. राज्याचाही १९६० चा कायदा आहे. पण यादीत न आलेली देवळे यादीतल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ती गावाच्या हाती आहेत, आणि गावाला जे सांगितले जाईल तेवढेच गाव जपेल. 'हेमाडपंती' एवढेच सांगितले तर गाव म्हणते, असली देवळे गावोगाव आहेत की. आपल्या देवळात असे काय आहे जे शेजारच्या गावी नाही, हे सांगितले पाहिजे.

अन्व्यापुरते मी सांगू शकतो. या देवळात आज पिंड आहे, म्हणून ते महादेवाचे. शिखर गेलेले आहे. पण बाहेरच्या भिंतीला वळसा घालताना देवकोष्ठांतून ज्या स्त्रीमूर्ती दिसतात त्यांच्या हातांत शंख आहे, चक्र आहे, गदा आहे, पद्म आहे. आयुधे विष्णूची आणि देह स्त्रीचा. या वैष्णव शक्ती. विष्णूची संध्येत घेतली जाणारी केशव, नारायण, माधव, गोविंद ही चोवीस नावे आपल्याला ठाऊक आहेत. मूर्तिशास्त्रात या चोवीस रूपांचा चेहरा, मुकुट, उभे राहणे सगळे सारखे असते. फरक असतो तो चार हातांतल्या चार आयुधांच्या क्रमाचा. उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, उजव्या वरच्या हातावर जायचे, मग डावा वरचा, शेवटी डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आला की नारायण. चार वस्तू चार जागी मांडायच्या तऱ्हा चोवीसच होतात, आणि नावेही चोवीसच आहेत. प्रत्येक रूपाची एकेक शक्ती: केशवाची कीर्ती, नारायणाची कांती, माधवाची तुष्टी, गोविंदाची पुष्टी. विष्णूच्या मूर्ती पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यांच्या शक्तींनी अशी भिंत सजवलेले देऊळ फार विरळा. देवळाच्या मूळ देवाचा विचारही या भिंतीपासूनच सुरू करावा लागतो.

मागच्या खेपेला मी एका शक्तीपुढे बराच वेळ उभा होतो. उतरते ऊन भिंतीवर तिरके पडले होते आणि आयुधांच्या कडा उठून दिसत होत्या. तिचा एक हात मनगटापासून तुटलेला. तरीही ती वाचता येते, कारण तीन आयुधे दिसली की चौथे कोणते ते आपोआप कळते. पुढच्या एका मूर्तीचे दोन हात गेलेले होते. तिथे दोन नावे शक्य उरतात, आणि त्यांतले खरे कोणते ते ती मूर्ती एकटी सांगू शकत नाही, शेजारच्या दोघींकडे बघून अंदाज करावा लागतो. तिसरा हात गेला की सहा नावे. चौथाही गेला की चोवीस.